मंद आच, बंद भट्टी : प्रस्तावना

माझ्या पिढीतल्या बहुतेक मुलांनी टॉर्चचा संपलेला सेल एकदा तरी दगडानं फोडलेला असतो. वरचा पत्रा सोलला की आतून काळा, ओलसर, हात बरबटवणारा लगदा निघायचा आणि त्याच्या मधोमध करंगळीएवढी काळी कांडी. ती नळाखाली धुवायची आणि मग अंगणातल्या फरशीवर, जिन्याच्या कठड्यावर, दिसेल त्या भिंतीवर लिहीत सुटायचं. खडूसारखी ती भुरभुरायची नाही, आणि तिची रेघ पावसात धुऊन जायची नाही. त्या कांडीतून वीज वाहते हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. ती कुठल्या खाणीतून निघालेली नसते, कार्बनची पूड डांबरासारख्या चिकट पदार्थात मळून, दाबून, हवा लागू न देता भट्टीत भाजून तयार केलेली असते, हे कळायला तर मला पुढची वीस वर्षं लागली.

दप्तरातली शिसपेन्सिलही याच कुळातली. नावात शिसं असलं तरी तिच्यात शिशाचा कणही नसतो. ग्रॅफाइटची पूड आणि माती एकत्र मळायची, तिच्या कांड्या वळायच्या आणि त्या भाजायच्या, ही कृती फ्रान्सच्या निकोला-झाक काँते यांनी १७९५ साली शोधली. माती जास्त घातली की पेन्सिल कडक होते, ग्रॅफाइट जास्त घातलं की मऊ आणि काळीभोर. पेन्सिलीवरची एचबी, टूबी ही अक्षरं त्या कडकपणाची खूण आहेत. कार्बन, त्याच्या जोडीला दुसरा एखादा पदार्थ आणि दोघांना एकजीव करणारी आच, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. फरक इतकाच, की पुढच्या पानांतली 'कांडी' म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यावर सारवलेला, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थर आहे. तिनं रेघ ओढायची नाही. लिथियमला आत ठेवून घ्यायचं आणि मागितलं की परत द्यायचं.

बॅटरीची गोष्ट आपल्याकडे लिथियमची गोष्ट म्हणून सांगितली जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीत लिथियमचा साठा असल्याची बातमी आली तेव्हा अनेकांना वाटलं, आता बॅटरीचा प्रश्न सुटला. पण लिथियम हा प्रवासी आहे. तो ज्या धर्मशाळेत उतरतो ती कार्बनची. विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीत लिथियमपेक्षा कितीतरी पट अधिक वजन ग्रॅफाइटचं असतं. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंच्या षट्कोनी जाळीचे एकावर एक रचलेले थर. दोन थरांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या तीस लाखाव्या भागाइतकं. बॅटरी चार्ज करताना लिथियमचे आयन त्या फटीत शिरतात. घर पूर्ण भरलं की दर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम बसतो, आणि या हिशेबानं एक ग्रॅम ग्रॅफाइट ३७२ मिलिअँपिअर-तास इतका विद्युतभार साठवू शकतं. आपण गाडी सुरू केली की हे आयन पुन्हा दुसऱ्या ध्रुवाकडे निघतात. थर मात्र जागेवरच राहतात. शेकडो, हजारो फेऱ्या झाल्या तरी घर पडत नाही, म्हणूनच बॅटरी टिकते.

हे घर सापडलं नव्हतं तोवर लिथियमची बॅटरी सुरक्षित नव्हती. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातू वापरून पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. पण चार्ज करताना धातूला काटे फुटायचे आणि ते दोन ध्रुवांना जोडून आग लागायची. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये दुसरी बाजू, म्हणजे लिथियम कोबाल्ट ऑक्साइड, पुढे आणली. आणि १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी धातूच्या जागी तेलशुद्धीकरणातून उरणारा पेट्रोलियम कोक ठेवला. तिथून १९९१ मध्ये सोनीची बॅटरी बाजारात आली, आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. त्या शोधाचा निम्मा भाग भाजलेल्या कार्बनचा होता, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

भाजलेला कार्बन म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला प्रयोगशाळेच्या आधी डोंगरात जावं. सह्याद्रीत कोळशाची भट्टी लावायची पद्धत जुनी आहे. लाकडाचे ओंडके दाटीनं रचायचे, वर पालापाचोळा अंथरायचा, त्यावर ओल्या मातीचा लेप द्यायचा आणि थोडी भोकं ठेवून आत आग घालायची. पुढचे काही दिवस माणसानं भट्टीपाशीच राहायचं. धूर पांढरा असला की लाकडातलं पाणी जातंय. तो पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा झाला की लाकूड फुटतंय. निळसर, पातळ झाला की कोळसा झाला. मग एकेक भोक लिंपत जायचं. एखादं उघडं राहिलं तर सकाळी आत राखच. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ज्या कातकरी कुटुंबांकडे ते होतं, त्यांनी उचलीच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या भट्टीवर दिवस काढले. त्यांच्या कौशल्याची कुणी किंमत केली नाही. बॅटरीच्या कार्बनवर काम करणाऱ्या प्रत्येकानं ते आपले पूर्वसुरी मानले पाहिजेत, असं मी मनापासून म्हणतो.

हवेविना तापवण्याच्या या क्रियेला इंग्रजी पुस्तकांत पायरोलिसिस म्हणतात. मी तिला 'बंद भाजणी' म्हटलं आहे. प्रयोगशाळेतली भट्टी आडवी असते. तिच्यातून सिरॅमिकची एक नळी आरपार जाते. पूड एका छोट्या पांढऱ्या होडीसारख्या भांड्यात भरतात, त्याला 'बोट'च म्हणतात. बोट नळीच्या मधोमध सरकवायची, दोन्ही टोकं सीलबंद करायची, एका टोकानं आर्गॉन वायू सोडायचा आणि दुसऱ्या टोकाची नळी पाण्यात बुडवून ठेवायची. पाण्यात बुडबुडे येत राहिले की समजायचं, आत हवा शिरत नाही. मिनिटाला ५ अंश या गतीनं तापमान चढवायचं, ठरलेल्या अंशावर काही तास धरायचं आणि मग भट्टी आपोआप निवू द्यायची. ऐन उमेदवारीच्या दिवसांत मी एकदा संध्याकाळी असा प्रयोग लावून घरी गेलो. सिलिंडरमध्ये वायू किती उरलाय हे पाहिलं नव्हतं, आणि नळीचं सीलही सैल होतं. सकाळी बोट बाहेर काढली तेव्हा काळ्या पुडीऐवजी चिमूटभर करडी राख होती. दोन आठवड्यांची मेहनत त्या चिमटीत होती. बुडबुडा म्हणजे काय, हे त्या दिवशी मला खरं कळलं.

तापमानाच्या प्रत्येक पायरीवर पदार्थ वेगळा होतो. १०० अंशांपाशी पाणी निघून जातं. ३०० ते ४०० अंशांच्या आसपास वनस्पतीतला सेल्युलोज फुटतो, धूर आणि डांबर बाहेर पडतं. ७०० च्या पुढे उरलासुरला हायड्रोजन सुटू लागतो आणि कार्बनच्या षट्कोनी तुकड्यांची जुळवाजुळव सुरू होते. पुडीतून वीज वाहू लागते. १००० ते १५०० अंशांवर त्या तुकड्यांचे छोटे, वेडेवाकडे थर होतात. आणि २५०० ते ३००० अंशांवर काही कार्बन थेट ग्रॅफाइट बनतात. 'काही' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सगळे बनत नाहीत.

हा भेद नेमका मांडला तो रोझालिंड फ्रँकलिन यांनी. डीएनएच्या क्ष-किरण चित्रासाठी जग त्यांना ओळखतं, पण त्याआधी त्यांनी कोळशावर वर्षानुवर्षं काम केलं होतं. १९५१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधात कार्बनच्या दोन जाती सांगितल्या आहेत: आच वाढवली की ग्रॅफाइट होणारे आणि ३००० अंशांपर्यंत नेले तरी न होणारे. कोळसा होण्याच्या टप्प्यावर ज्यांचा लगदा वितळून प्रवाही राहतो, त्यांच्यातल्या थरांना हलायला, समांतर बसायला वाव मिळतो. डांबर आणि पेट्रोलियम कोक या जातीचे. साखर, लाकूड, नारळाची करवंटी यांचे धागे मात्र आधीच एकमेकांत गुंतून कडक होतात. मग कितीही आच द्या, गुंता सुटत नाही. पहिल्यांना सॉफ्ट कार्बन म्हणतात, दुसऱ्यांना हार्ड कार्बन. आणि गंमत अशी की गुंता म्हणजे दोषच, असं नाही. सोडियमचा आयन ग्रॅफाइटच्या फटीत नीट बसत नाही, पण हार्ड कार्बनच्या सैल, वाकड्या थरांत आणि पोकळ्यांत तो सुखानं राहतो. म्हणून सोडियम-आयन बॅटरीचं सगळं भवितव्य या न सुटणाऱ्या गुंत्यावर उभं आहे.

आता जोडीच्या पदार्थाकडे येऊ. लिथियम आयर्न फॉस्फेट हा आज रस्त्यावरच्या बस आणि मोटारींत मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा पदार्थ. त्याचा शोध १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. गुडइनफ यांच्याबरोबर त्या निबंधावर अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी ही भारतीय नावं आहेत. पदार्थ स्वस्त, आगीला दाद न देणारा. पण वीज वाहून नेण्यात फार मंद. त्यावर उपाय निघाला तो साखरेच्या जातीचा. हा पदार्थ तयार करतानाच त्यात साखर किंवा ग्लुकोज मिसळतात आणि आर्गॉन किंवा नायट्रोजनमध्ये ६०० ते ७०० अंशांवर भाजतात. कढईत पाक करताना हात थांबला की साखर आधी तांबूस, मग काळी होते, हे कुठल्याही स्वयंपाकघरात पाहायला मिळतं. इथे तीच काळी साखर प्रत्येक कणाभोवती काही नॅनोमीटर जाडीचं कवच होते. ते कवच दोन कामं करतं: कणाकणांतून वीज नेतं, आणि भाजताना लोखंडाला गंज चढू देत नाही. आच कमी पडली तर कवचातून वीज वाहत नाही. जास्त झाली तर कण फुगून मोठे होतात आणि कार्बन लोखंडाशी नको ती लगट करतो. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला साखरेचा हा उपयोग माहीत असायला हवा.

दुसरी जोडी सिलिकॉनची. लिथियम साठवण्याची सिलिकॉनची ताकद ग्रॅफाइटच्या जवळजवळ दसपट आहे, पण लिथियम घेताना त्याचं आकारमान सुमारे चौपट होतं. पुरीसारखा फुगायचा आणि रिकामा होताना आक्रसायचा. दहा-वीस फेऱ्यांत त्याचा चुरा होतो. म्हणून सिलिकॉनच्या बारीक कणांना कार्बनचं लवचीक आवरण देतात. इथेही शेवटचा शब्द आचेचाच. फार तापवलं तर सिलिकॉन आणि कार्बन मिळून सिलिकॉन कार्बाइड होतं, धार लावायच्या दगडातला तो कठीण पदार्थ. लिथियमच्या दृष्टीनं तो मुर्दाड आहे. आणि तरीही कृत्रिम ग्रॅफाइटचा जन्म याच मुर्दाड पदार्थातून झाला. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन सिलिकॉन कार्बाइड करत होते; भट्टी अतिशय तापली तेव्हा त्यातला सिलिकॉन उडून गेला आणि मागे शुद्ध ग्रॅफाइट उरलं. १८९६ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. भट्टीपाशी सावध उभ्या असलेल्या माणसाला चूकही शिकवते, ती अशी.

या सगळ्यात पुणे कुठे आहे? मला वाटतं, पुष्कळ आत आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, म्हणजे एनसीएलचं, उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झालं. तिचे पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन. कोळसा हायड्रोजन वायू कसा पोटात घेतो यावर त्यांनी १९०९ मध्ये निबंध लिहिला होता, आणि त्यासाठी 'सॉर्प्शन' हा नवा शब्द घडवला होता. आज हा शब्द जगातल्या प्रत्येक रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे. ज्या संस्थेचा पहिला कारभारी कोळशाच्या पोटातल्या पोकळ्यांचा अभ्यासक होता, तिथे त्या निबंधानंतर शंभरेक वर्षांनी काय घडलं पाहा.

२०१३ मध्ये एनसीएलमधल्या डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या गटानं कडुनिंबाच्या वाळक्या पानांवरचं काम प्रसिद्ध केलं. पानं वाळवायची, कुटून पूड करायची आणि बंद भाजणी द्यायची, बस्स. रंध्रं पाडण्यासाठी एरवी कडक अल्कली वापरावी लागते. इथे ते काम पानातल्याच क्षारांनी केलं. निघालेल्या कार्बनच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ सुमारे १२३० चौरस मीटर भरलं, म्हणजे बॅडमिंटनची १५ कोर्टं एका चिमटीत. अशोकाची पानंही त्यांनी तपासली, आणि झाडागणिक कार्बन वेगळा निघतो हे दाखवलं. पुण्यातल्या रस्त्यावर झाडून पेटवली जाणारी पानं तीच.

मात्र इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण वर्तमानपत्री बातमीत ती हरवते. हा कार्बन सुपरकपॅसिटरसाठी होता, लिथियम बॅटरीसाठी नव्हे. सुपरकपॅसिटर पृष्ठभागावर वीज धरतो, म्हणून त्याला जितकी रंध्रं तितकी हवीच असतात. लिथियम बॅटरीत उलटं. पहिल्याच चार्जिंगमध्ये कार्बनच्या पृष्ठभागावर एक पातळ पापुद्रा धरतो आणि त्यात काही लिथियम कायमचं अडकून पडतं. पृष्ठभाग जितका मोठा तितकी ही पहिल्या दिवसाची तूट मोठी. एका कामासाठी सोनं असलेला कार्बन दुसऱ्यासाठी तोट्याचा ठरतो. हा विवेक वाचकाच्या हाती यावा, म्हणूनही हे पुस्तक.

ओगले पुढे शेजारच्याच आयसर पुणे या २००६ साली स्थापन झालेल्या संस्थेत गेले. आयसरच्या सहकार्यानं घडवलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्याच केपीआयटी कंपनीनं जाहीर केलं. पाषाण रस्त्यावरच सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक्ससाठी पदार्थ घडवणारी संस्था आहे, तिथेही बॅटरीच्या पदार्थांवर काम चालतं. वेताळ टेकडीवर वाहनांची चाचणी करणारी एआरएआय आहे. आकुर्डीत इलेक्ट्रिक चेतक बनते, रांजणगावात टाटांच्या विजेवरच्या मोटारी, आणि २०१९ पासून पीएमपीएमएलच्या ई-बस शहरात धावत आहेत. पदार्थापासून प्रवाशापर्यंतची साखळी एका जिल्ह्यात जवळजवळ पूर्ण आहे.

जवळजवळच. मधली एक कडी नाही: टनावारी भाजलेली, दर खेपेला तंतोतंत सारखी निघणारी कार्बनची पूड. बॅटरीच्या अ‍ॅनोडसाठी, म्हणजे कार्बनच्या ध्रुवासाठी, लागणाऱ्या ग्रॅफाइटपैकी ९० टक्क्यांहून अधिक आज चीनमध्ये तयार होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीननं ग्रॅफाइटच्या निर्यातीवर परवान्याची अट घालण्याचं जाहीर केलं, १ डिसेंबरपासून ती लागू झाली, आणि जगभरच्या कारखान्यांच्या लक्षात आलं की आपली चूल दुसऱ्याच्या घरात आहे. कार्बन दुर्मीळ नाही. डांबर, कोक, साखर, पाचट, पऱ्हाट्या, सगळं आपल्याकडे आहे. दुर्मीळ आहे ती आचेवरची हुकमत: कुठलं डांबर, किती गतीनं, किती वेळ, कुठल्या वायूत. हे निबंध वाचून येत नाही. भट्टीपाशी उभं राहून येतं.

आणि भट्टीपाशी उभी राहणारी माणसं पुण्याकडे आहेत, हेच मला या प्रस्तावनेत आवर्जून सांगायचं आहे. भोसरी, चिंचवड, चाकणच्या औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटची शॉप आहेत. गिअर आणि शाफ्ट ९०० अंशांच्या पुढे कार्बनयुक्त वायूत तापवून त्यांच्या पृष्ठभागात कार्बन मुरवणं हे त्यांचं रोजचं काम. भट्टीच्या दारातून दिसणाऱ्या रंगावरून तापमान सांगणारे, 'अजून सोकिंग (आचेवर धरून ठेवणं) कमी पडलंय' असं पाहताक्षणी म्हणणारे कारागीर तिथे आहेत. पाषाणला कार्बन कळतो, भोसरीला भट्टी कळते. दोन्हींमध्ये अंतर आहे अवघं पंधरा-वीस किलोमीटरचं, आणि भाषेचं. एकाची सगळी विद्या इंग्रजी निबंधांत, दुसऱ्याची मराठी तोंडी बोलण्यात. हे पुस्तक त्या अंतरावर घातलेला साकव आहे.

परिभाषेबद्दल दोन शब्द. शाळेच्या पुस्तकांत अ‍ॅनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतात. विद्युत अपघटनासाठी ते बरोबर आहे. पण वीज देत असलेल्या बॅटरीत अ‍ॅनोड हे ऋण टोक असतं, आणि 'धनाग्र' म्हटलं की विद्यार्थी हमखास घसरतो. म्हणून मी अ‍ॅनोड आणि कॅथोड हेच शब्द ठेवले. 'हार्ड कार्बन'चं 'कठीण कार्बन' केलं नाही, कारण वाचकाला हिरा आठवेल. जिथे मराठीकडे स्वतःचा शब्द आहे, तिथे मात्र तोच वापरला: आच, भाजणी, पूड, रंध्र, लेप, कवच.

पहिले चार भाग कार्बनच्या रचनेचे आणि आचेचे आहेत. मधले तीन जोडीच्या पदार्थांचे: फॉस्फेट, सिलिकॉन, सल्फर. शेवटच्या दोन भागांत पुडीचा लेप तांब्याच्या पत्र्यावर देण्यापासून तो २० मिलिमीटर व्यासाच्या नाण्याएवढ्या सेलमध्ये बंद करून तपासण्यापर्यंतची कृती पायरीपायरीनं दिली आहे. घाईत असलेल्या वाचकानं हवं तर ही कृती आधी वाचावी; पण तिसरा भाग, आचेचा, सोडू नये. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला माझी विनंती आहे: एकदा भोसरीच्या एखाद्या शॉपमध्ये रात्रपाळीला जाऊन उभे राहा. आणि शॉपच्या मालकाला विनंती: पाषाणच्या एखाद्या प्रयोगशाळेत जाऊन ती काळी पूड बोटांत चोळून पाहा. दोघांनी हे पुस्तक एकाच टेबलावर उघडं ठेवून वाचलं, तर ते लिहिल्याचं सार्थक झालं असं मी समजेन.

पुणे